शंभर, पाया फाय: एका संख्येचं वीस घरांचं प्रकरण

१००१००१०१०.०००१००१००१

ही वरची ओळ म्हणजे शंभर. बायनरी वाटते पण बायनरी नाही, बायनरीत शंभर म्हणजे ११००१००, सात अंकांत विषय संपतो. इथे पाया आहे फाय, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, ज्याला सगळे गोल्डन रेशो म्हणतात, १.६१८०३... असं पुढे चालतच राहणारं, अपरिमेय. प्रत्येक घराची किंमत उजवीकडच्या घराच्या फायपट. टिंबाच्या लगेच डावीकडे शून्य नंबरचं घर, त्याची किंमत १, मग १ नंबरचं घर फायचं, २ नंबरचं फायच्या वर्गाचं, आणि टिंबाच्या उजवीकडे उणे १, उणे २ अशी घरं, त्यांची किंमत फायने भागत भागत कमी होत जाते.

वरच्या ओळीत सात ठिकाणी १ आहे: घर ९, ६, ३, १ आणि उणे ४, उणे ७, उणे १०. म्हणजे सात अपरिमेय संख्या, प्रत्येकीचे दशांश अनंतापर्यंत जाणारे, त्यांची बेरीज केली की बरोब्बर १००. शंभरच्या जवळपास नाही, १०० म्हणजे १००. आणि ओळ उणे १० वर थांबते, पुढे काही नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भावतं ते हेच, की ती थांबते. अपरिमेय पाया घेतल्यावर पूर्णांक बापडा कायम टिंबानंतर धावत राहील असंच कुणालाही वाटेल ना? तर का थांबते ते पूर्ण खोलात जाऊन बघू, एकाच संख्येवर, कारण एक संख्या नीट उलगडली की बाकीच्या बऱ्यापैकी आपोआप उलगडतात.

आधी ओळ काढायची कशी ते. पद्धत साधी आहे, बसेल तेवढा मोठा घात काढून घ्यायचा आणि उरलेल्यावर परत तेच. फायचे घात असे: १.६१८०३, २.६१८०३, ४.२३६०७, ६.८५४१०, ११.०९०१७, १७.९४४२७, २९.०३४४४, ४६.९७८७१, ७६.०१३१६, आणि दहावा १२२.९९१८७, तो शंभरात बसत नाही. म्हणून नववा घ्यायचा, १०० वजा ७६.०१३१६, उरले २३.९८६८४. त्यात सहावा बसतो, उरले ६.०४२५७. चौथा ६.८५ चा, तो बसत नाही, तिसरा बसतो, उरले १.८०६५०. पहिला बसतो, उरले ०.१८८४७. आता टिंबाच्या उजवीकडे, उणे ४ म्हणजे ०.१४५९०, तो काढला, उरले ०.०४२५७. उणे ७ म्हणजे ०.०३४४४, उरले ०.००८१३. आणि उणे १० ची किंमत ०.००८१३. संपलं.

सलग दोन घरांत १ कधी येत नाही हेही लक्षात आलं असेल. कारण फायचा मूळ नियमच असा आहे की फायचा वर्ग = फाय + १, म्हणजे शेजारशेजारची दोन घरं मिळून वरचं एक घर होतं, आणि आपण कायम मोठ्यातलं मोठं घेत असल्यामुळे ते वरचं घर आधीच उचललेलं असतं. हा एक नियम, सलग तीन घरांत ०११ म्हणजेच १००, बास, अख्खं प्रकरण यावर उभं आहे.

पण दशांशात "०.००८१३ वजा ०.००८१३ बरोबर शून्य" हा काही पुरावा नाही. पाच दशांशांपर्यंत जुळलं, विसाव्याला फरक निघाला तर? म्हणून दशांश बाजूला ठेवायचे आणि अचूक हिशोब करायचा. फायचा वर्ग = फाय + १ हे परत परत वापरलं की फायचा कुठलाही घात "इतके फाय अधिक इतके सुटे" असा लिहिता येतो, आणि ते आकडे फिबोनाचीचे निघतात. तिसरा घात म्हणजे २ फाय + १. सहावा ८ फाय + ५. नववा ३४ फाय + २१. पहिला तर फायच. या चौघांची बेरीज ४५ फाय + २७. ही झाली टिंबाच्या डावीकडची बाजू.

उजवीकडे पण हेच चालतं, फक्त चिन्हं आलटून पालटून येतात. उणे ४ वा घात म्हणजे उणे ३ फाय + ५. उणे ७ वा म्हणजे १३ फाय उणे २१. उणे १० वा म्हणजे उणे ५५ फाय + ८९. बेरीज करा, फायचे: उणे ३ अधिक १३ उणे ५५, म्हणजे उणे ४५. सुटे: ५ उणे २१ अधिक ८९, म्हणजे ७३.

डावीकडे ४५ फाय + २७, उजवीकडे उणे ४५ फाय + ७३. फाय फायला खाऊन टाकतो आणि २७ + ७३ = १००. आता शंकेला जागाच नाही. आणि यातून हेही दिसतं की टिंबानंतरचा भाग ही काही बारीकसारीक दुरुस्ती नाहीये. दशांशात बघितलं तर डावी बाजू ९९.८११५३ आणि उजवी फक्त ०.१८८४७, त्यामुळे वाटतं सगळं काम डावीकडेच झालं. अचूक हिशोबात मात्र शंभरातले ७३ उजवीकडून आलेत!

हे असं का होतं त्याचं उत्तर फायच्या जोडीदारात आहे. फाय ज्या वर्गसमीकरणाचं उत्तर आहे त्याचं दुसरं उत्तर म्हणजे उणे १ भागिले फाय, उणे ०.६१८०३. गणितात याला अनुबद्ध म्हणतात. हा दुसरा भाऊ "वर्ग = मी + १" हा नियम तंतोतंत पाळतो, म्हणून वरचा जो हिशोब आपण फक्त त्या नियमावर केला तो फायच्या जागी हा भाऊ घातला तरी जसाच्या तसा चालतो, ४५ आणि उणे ४५ तेव्हाही कटतात आणि उत्तर तेव्हाही १०० च येतं. पण आता किमती उलटतात. उणे १० नंबरचं घर, जे मघाशी ०.००८१३ एवढं चिमुकलं होतं, ते आता १२२.९९१९ होतं. उणे ७ चं घर उणे २९.०३४४ होतं, उणे ४ चं ६.८५४१. आणि मघाशी जे मोठे होते ते आता कणभर, १ नंबर उणे ०.६१८०, ३ नंबर उणे ०.२३६१, ६ नंबर ०.०५५७, आणि ७६ चा तोरा मिरवणारं ९ नंबरचं घर उणे ०.०१३२. करा बेरीज: १२२.९९१९ वजा २९.०३४४ म्हणजे ९३.९५७५, अधिक ६.८५४१ म्हणजे १००.८११६, मग ते छोटे चौघे मिळून उणे ०.८११६. शंभर.

मला सांगायचंय ते हेच. या ओळीत शंभर दोनदा लिहिलेला आहे. डावीकडून वाचाल तर फायच्या भाषेत, उजवीकडून वाचाल तर त्याच्या भावाच्या भाषेत, आणि दोघांना एकाच वेळी १०० वर आणायचं असेल तर टिंबाच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखीच घरं लागणार. म्हणून टिंबानंतरची शेपटी आहे, आणि म्हणूनच शेपटीला शेवट आहे. ओळ शून्य घराभोवती आरशासारखी उलटी केली, ९ च्या जागी उणे ९, उणे १० च्या जागी १०, तर १००१००१००००.१०१००१००१ अशी ओळ मिळते आणि ती उणे फाय या पायात १०० असते. उणे पाया! वरची १२२.९९ वाली बेरीज म्हणजे तीच ओळ, वेगळं काही करायला लागत नाही.

यातून एक गोष्ट फुकटात मिळते. कुठल्याही धन पूर्णांकाचं सगळ्यात उजवीकडचं १ कायम सम नंबरच्या घरातच असतं (१ ही संख्या म्हणजे नुसतं शून्य घर, तेही समच). कारण भावाच्या हिशोबात ते सगळ्यात वजनदार, आणि सलग १ नसल्यामुळे विरुद्ध चिन्हाचे बाकी सगळे एकत्र आले तरी त्याला हरवू शकत नाहीत, मग बेरीज धन हवी तर त्याचं चिन्ह धन हवं, आणि भावाचे धन घात समच असतात. शंभरसाठी उणे १०. उणे ९ किंवा उणे ११ वर संपणारी कुठलीही ओळ दाखवा, ती धन पूर्णांक नाही हे न मोजता सांगता येईल.

आता घरं किती लागतात ते. इथे ल्युका संख्या येतात: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, ७६, १२३, फिबोनाचीसारखंच मागच्या दोघांची बेरीज. फायचा घात अधिक भावाचा तोच घात म्हणजे ल्युका संख्या. सम घातांसाठी याचा अर्थ असा की १२३ म्हणजे फक्त दोन १, घर १० आणि घर उणे १०, मधे सगळी शून्यं. आणि ७६ तर बघण्यासारखा आहे: १०१०१०१०१.०१०१०१०१, ८ पासून उणे ८ पर्यंत एकाआड एक, पूर्ण सममित, कारण ७६ = ४७ + १८ + ७ + ३ + १. शंभर या दोघांच्या मधला. त्या पट्ट्यातला, म्हणजे ७७ ते १२२, प्रत्येक पूर्णांक ९ नंबरला सुरू होतो आणि उणे १० ला संपतो. दहा घरं डावीकडे, दहा उजवीकडे, एकूण वीस. बायनरीच्या सातसमोर वीस म्हणजे उधळपट्टी आहे हे मान्य, पण दोन वेळा लिहायचं म्हटल्यावर जागा लागणारच.

७६ चा ७७ होताना काय होतं ते एकदा हाताने करून बघा म्हणजे ओळ कायम का थांबते याचा सरळ पुरावाच मिळतो. शून्य घरात आधीच १ बसलाय, आपल्याला आणखी १ टाकायचाय. जागा करायला शून्य घरातला १ उघडून उणे १ आणि उणे २ मधे टाकावा लागेल, पण उणे २ भरलेलं आहे, म्हणून आधी ते उघडायचं, तर उणे ४ भरलेलं, मग ते, असं करत करत उणे ८ पर्यंत. उणे ८ उघडून उणे ९ आणि उणे १० मधे गेला, तिथे जागा मोकळीच होती. आता उलट क्रमाने एकेक उघडत या, उणे ६, उणे ४, उणे २, शून्य, आणि मोकळ्या झालेल्या शून्य घरात नवा १ ठेवा. मग शेजारशेजारचे १ मिटवत जा, डावीकडे ते मिटत मिटत थेट ९ पर्यंत चढतात आणि हाती येतं १००००००००.. नाही, घरं नंबराने सांगतो म्हणजे वाचायला सोपं: ९, उणे १, उणे ३, उणे ५, उणे ७, उणे १०. हा ७७. अचूक हिशोब: फायचे ३४ + १ + २ + ५ + १३ उणे ५५ = ०, सुटे २१ उणे १ उणे ३ उणे ८ उणे २१ अधिक ८९ = ७७. एक मिळवला आणि अख्खी ओळ ओळखू येईना.

पुरावा यात कुठे आला? तर हे उघडण्याचं काम कायम संपतं, कारण ओळ आधी संपणारी होती म्हणजे कुठेतरी मोकळं घर मिळणारच. आणि मिटवण्याचं कामही संपतं कारण प्रत्येक मिटवण्यात दोन १ चा एक होतो, किती वेळ कमी होणार. म्हणजे संपणाऱ्या ओळीत १ मिळवला की संपणारीच ओळ, आणि शून्यापासून एकेक मिळवत कुठल्याही पूर्णांकापर्यंत जाता येतं. झालं सिद्ध. दुसरी कुठली भारी थिअरी लागत नाही, आणि म्हणूनच मला हा पुरावा खूप आवडतो.

शंभरचे शेजारी मात्र शांत आहेत. ९९ म्हणजे १००१००१०००.१००१००१००१, बाकी सगळं तेच, फक्त १ नंबरचा १ उणे १ ला सरकला (फाय वजा १ म्हणजे उणे पहिला घात, म्हणून). आणि १०० च्या पुढे गंमत अशी की १०१ = १००१०१००००.०००१००१००१ आणि १०२ = १००१०१०००१.०००१००१००१, तिघांची शेपटी एकच! १०३ ला ती मोडते. याचं कारण टिंबाच्या डावीकडच्या ओळींमधे आहे. टिंबानंतर काहीच नाही अशा सगळ्या ओळी संख्यारेषेवर मांडल्या तर त्यांच्यातली अंतरं दोनच प्रकारची असतात, ओळ ० ने संपत असेल तर पुढची बरोबर १ अंतरावर आणि १ ने संपत असेल तर ०.६१८०३ अंतरावर. शंभरची डावी बाजू ९९.८११५३, ती ० ने संपते, पुढची १००.८११५३, तीही ० ने संपते, पुढची १०१.८११५३, आणि ही १ ने संपते. म्हणून तीन पूर्णांक एकाच शेपटीवर बसले आणि चौथ्याला नवीन लागली. अंतरांचा हा १ आणि ०.६१८ चा क्रम कधीच आवर्ती होत नाही पण बेशिस्तही नसतो, क्वासिक्रिस्टलच्या, म्हणजे अणू शिस्तीत पण आवर्ती नसलेल्या क्रमाने बसलेल्या स्फटिकांच्या, गणितात हाच क्रम एका मितीतलं सगळ्यात साधं उदाहरण म्हणून घेतात.

गुणाकार पण करून बघायला हवा, शंभर म्हणजे दहाचा वर्ग आहे शेवटी. १० = १०१००.०१०१, घरं ४, २, उणे २, उणे ४, सममित, कारण १० = ७ + ३. याचा वर्ग नेहमीसारखा, प्रत्येक घर प्रत्येक घराशी, घरांचे नंबर मिळवायचे. हातचा न घेता येतं ते असं: घर ८ मधे १, ६ मधे २, ४ मधे १, २ मधे २, शून्यात ४, आणि पुढे उजवीकडे आरशासारखं तेच, उणे २ मधे २, उणे ४ मधे १, उणे ६ मधे २, उणे ८ मधे १. सोळा १, पूर्ण सममित. पण शंभरची खरी ओळ सममित नाही, तिच्यात सातच १ आहेत. सममिती मोडली कुठे? हातच्यात. या पायात एका घरात २ झाले तर हातचा दोन्हीकडे जातो, एक डावीकडच्या पहिल्या घरात आणि एक उजवीकडच्या दुसऱ्या घरात, कारण २ = फाय + उणे दुसरा घात, १.६१८०३ + ०.३८१९७. डावीकडे एक पाऊल, उजवीकडे दोन. हा हातचाच मुळात असमान आहे.

डावा भाग: ६ मधले २ गेले ७ आणि ४ मधे, ७ आणि ८ मिळून ९ झाले. ४ मधे आता २, ते गेले ५ आणि २ मधे. २ मधे ३ झाले, त्यातले दोन ३ आणि शून्यात गेले. २ आणि ३ मिळून ४, ४ आणि ५ मिळून ६. डावीकडे ९ आणि ६ पक्के, आणि शून्य घरात ५ साठले. ५ ची स्वतःची ओळ १०००.१००१, म्हणजे ३, उणे १, उणे ४. आता उजवीकडे उणे १ मधे १, उणे २ मधे २, उणे ४ मधे २, उणे ६ मधे २, उणे ८ मधे १. उणे १ आणि एक उणे २ मिळून शून्य घर. उणे ४ चे दोन उणे ३ आणि उणे ६ ला, उणे ६ च्या तिनातले दोन उणे ५ आणि उणे ८ ला, उणे ८ चे दोन उणे ७ आणि उणे १० ला. मग मिटवामिटवी: उणे २ आणि उणे ३ चा उणे १, तो आणि शून्य मिळून १ नंबर, उणे ५ आणि उणे ६ चा उणे ४. उरलं ९, ६, ३, १, उणे ४, उणे ७, उणे १०. कागदावर करा हे एकदा, वाचून तेवढी मजा येत नाही.

थोडं इतिहासाचं. फाय पाया हा जॉर्ज बर्गमन यांनी मांडला, १९५७ मधे मॅथेमॅटिक्स मॅगझिनमधे, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, पुढे बर्कलीला गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच १९५७ मधे हंगेरीचे ऑल्फ्रेड रेन्यी यांनी कुठलाही एकापेक्षा मोठा पाया घेऊन अशा ओळींचा अभ्यास सुरू केला आणि १९६० मधे विल्यम पॅरी यांनी कुठल्या ओळी चालतात कुठल्या नाही याचे नियम लावले. पाया नुसता अपरिमेय असून भागत नाही हेही खरं. पायचा पाया घेतला, वर्तुळवाल्या पायचा, तर त्यात १०० ची ओळ कधीच संपू शकत नाही, कारण संपली तर पाय पूर्णांक सहगुणकांच्या एखाद्या समीकरणाचं उत्तर ठरेल, आणि ते अशक्य आहे हे लिंडेमान यांनी १८८२ मधे सिद्ध केलंय. पायला नियमच नाही आणि भाऊही नाही, मग हिशोब जुळवणार कोण. आणि हे सगळं नुसतं कागदी नाही, २०१० मधे इन्ग्रिड डोबेशी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनालॉग सिग्नलचे बिट्स करायला फाय पाया वापरणारा एन्कोडर मांडला. सलग १ चालवून घेतले तर एकाच संख्येच्या अनेक ओळी होतात आणि त्यामुळे सर्किटमधल्या बारीक चुका सावरता येतात हा त्यातला फायदा.

आता भाज्यतेच्या कसोट्या, कारण वीस घरांची ओळ बघून संख्या सम आहे का हे कळायला हवं की नाही. नुसतं शेवटचं घर बघून कळत नाही. पण फायचा तिसरा घात २ फाय + १, म्हणजे २ ने भागल्यावर बाकीच्या दृष्टीने तो १ च, म्हणून घरांचे तीन गट करायचे, नंबर ३ ने भागून बाकी ०, १ की २. शंभरचे ९, ६, ३ पहिल्या गटात, तीन. १ नंबर दुसऱ्या गटात, एक. उणे ४, उणे ७, उणे १० यांची बाकी २, तिसऱ्या गटात तीन. नियम असा: दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातली संख्या दोन्ही सम किंवा दोन्ही विषम हवी, नाहीतर ओळ पूर्णांकाचीच नाही. इथे १ आणि ३, ठीक. मग पहिला अधिक तिसरा सम आला तर संख्या सम. ३ + ३ = ६, शंभर सम. ७७ ला लावून बघा, २, १, ३ येतात, २ + ३ = ५, विषम.

पाचची कसोटी अजून सोपी. ५ च्या बाकीच्या दुनियेत फायच्या जागी ३ चालतो, कारण ३ चा वर्ग ९ आणि ३ + १ = ४, दोघांची ५ ने बाकी तीच. घराचा नंबर ४ ने भागून बाकी ०, १, २, ३ असेल तर वजन १, ३, ४, २. शंभरच्या सात घरांची वजनं ३, ४, २, ३, १, ३, ४. बेरीज २०, पाचने भाग जातो.

अकराला फायच्या जागी चालणारे दोन आकडे आहेत, ४ आणि ८, फाय आणि त्याचा भाऊ तिथे दोन वेगळे पूर्णांक होऊन बसतात. ४ घालून शंभरच्या घरांची बेरीज ३ + ४ + ९ + ४ + ४ + ९ + १ = ३४, आणि ८ घालून ७ + ३ + ६ + ८ + ३ + ६ + १, तीही ३४. अकराने बाकी १, आणि १०० = ९९ + १, बरोबर. दोन्हींची बाकी जुळली नाही तर ओळीत कुठेतरी गडबड आहे समजायचं. समजा लिहिताना १ नंबरचा १ गळला, तर ३० आणि २६ येतील, बाकी ८ आणि ४, लगेच पकडलं जाईल. पण उणे १० चा १ गळला तर दोन्हीकडे ३३, ही कसोटी फसते, कारण त्या घरात उणे ५५ फाय आहेत आणि ५५ ला अकराने भाग जातो. तीच चूक तीन गटांच्या कसोटीत मात्र सापडते, दुसऱ्या गटात १ आणि तिसऱ्या गटात २ उरतात, एक विषम एक सम.